लहान गोठा आणि गठ्ठे लपेटण्याचे यंत्र

(नभोवाणीवरील शेतकी कार्यक्रमात झालेल्या भाषणाचा मजकूर)

चार-पाच दुभती जनावरे पाळणाऱ्या कुटुंबाचे वर्ष दोन टोकांमध्ये हेलकावत असते. ग्वाल्हेर-इंदूरकडे फाल्गुनाच्या सुमारास बरसीम इतकी माजते की कापून संपत नाही. बडोद्याकडे लसूणघासाची तीच स्थिती. गोव्यात आणि बेळगाव जिल्ह्यातील खानापूरच्या बाजूला श्रावण-भाद्रपदात बांधाबांधावर गवत उभे असते, पण ते वाळवायला ऊन नसते. पुढे वैशाख-ज्येष्ठ उजाडले म्हणजे त्याच गव्हाणीत कोरडा कडबा नाहीतर भाताचा पेंढा पडतो, जनावर तोंड फिरवते आणि दुधाचे माप उतरते. एका ऋतूची समृद्धी दुसऱ्या ऋतूच्या टंचाईपर्यंत कशी पोहोचवावी, हा लहान गोठ्यापुढील खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे एक उत्तर म्हणून अलीकडे एक यंत्र पुढे केले जाते. बेलरने बांधलेला ओलसर चाऱ्याचा लहान चौकोनी गठ्ठा प्लॅस्टिकच्या ताणलेल्या फिल्ममध्ये गुंडाळून हवाबंद करणारे हे यंत्र. इंग्रजी नावावरून त्यास रॅपर म्हणतात. आपण त्यास लपेट-यंत्र म्हणू. ते घ्यावे की न घ्यावे, आणि घ्यायचे ठरले तर कोणते घ्यावे, याचा विचार आज करावयाचा आहे. विक्रेता आपल्याला यंत्रापासून गोठ्याकडे नेतो. आपण मात्र गोठ्यापासून यंत्राकडे जावे, हे माझ्या सांगण्याचे सूत्र आहे.

प्रथम तत्त्व समजून घेऊ. वाळलेली वैरण उन्हाच्या बळावर टिकते. मुरघास हवाबंदीच्या बळावर टिकतो. हिरवा चारा दाबून हवेपासून तोडला म्हणजे त्यातील जिवाणू साखरेचे दुग्धाम्ल करतात, आणि त्या आम्लतेमुळे कुजविणाऱ्या जिवाणूंचे काही चालत नाही. फ्रान्समधील ऑग्युस्त गोफार यांनी मका मुरविण्याचे प्रयोग करून १८७७ साली त्यावर ग्रंथ लिहिला. फिनलंडचे रसायनशास्त्रज्ञ विर्तानेन यांनी चाऱ्यात आम्ल मिसळून तो टिकविण्याची रीत शोधली, आणि १९४५ साली त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या पारितोषिकाच्या घोषणेत चारा टिकविण्याच्या रीतीचा खास उल्लेख आहे. गाईच्या गव्हाणीचा प्रश्न जगातील श्रेष्ठ विद्वानांना क्षुद्र वाटला नाही, हे आपणही ध्यानी ठेवावे. पुढे १९८० नंतरच्या दशकात युरोपात गठ्ठ्याभोवती ताणफिल्म गुंडाळण्याची पद्धत रूढ झाली. खड्डा किंवा बुरूज यांचे काम आता प्लॅस्टिकचे पातळ आवरण करू लागले.

यंत्राची रचना अवघड नाही. सर्वांत प्रचलित प्रकारात एक फिरता मंच असतो व त्यावर दोन रूळ किंवा पट्टे असतात. गठ्ठा रुळांवर आपल्या अंगाभोवती लोळतो, त्याच वेळी मंच स्वतःभोवती फिरतो, आणि बाजूच्या खांबावरील गुंडाळीतून फिल्म ओढली जाऊन गठ्ठ्यावर चढते. दुसऱ्या प्रकारात गठ्ठा एका जागी लोळतो आणि फिल्म धरलेला हात त्याच्याभोवती प्रदक्षिणा घालतो. तिसऱ्या प्रकारात गठ्ठे एकामागून एक एका कड्यातून पुढे ढकलले जातात व त्यांची एक सलग लांब नळी तयार होते. या तिहींमधून निवड कशी करावी, ते पुढे पाहू. पण निवडीच्या आधी तीन हिशेब मांडले पाहिजेत.

पहिला हिशेब पिकाचा. लहान चौकोनी गठ्ठे बांधणारा बेलर लांब, बारीक काडीच्या चाऱ्यासाठी आहे. बरसीम, लसूणघास, ओट, सपाट कुरणातले गवत ही त्याची पिके. मका, ज्वारी, संकरित नेपियर यांची जाड ताटे त्याच्या कामाची नव्हेत. ती कुट्टी करूनच मुरवावी लागतात, आणि कुट्टीसाठी जाड प्लॅस्टिकच्या पिशव्या, खड्डा किंवा कुट्टी दाबून गोल गठ्ठे करणारी निराळी यंत्रे आहेत. ज्याचा सगळा चारा मक्याचा आहे, त्याने लपेट-यंत्राचा विचार येथेच सोडावा. त्याचे समाधान पिशवीत आहे. तसेच डोंगरउतारावर, जेथे ट्रॅक्टर व बेलर फिरू शकत नाहीत, तेथेही हीच गोष्ट. गठ्ठाच बांधता येत नसेल तर लपेटणार काय?

ज्याच्याकडे बरसीम किंवा लसूणघास आहे, त्याला मात्र या पद्धतीत एक खरा लाभ आहे. या द्विदल चाऱ्याचे सत्त्व पानांत असते, आणि कडकडीत वाळविताना तीच पाने झडून शेतात राहतात. घरी येतात त्या काड्या. निम्मे पाणी शिल्लक असतानाच गठ्ठा बांधला तर पाने काडीवर टिकून राहतात. गोवा-खानापूरसारख्या पावसाळी मुलखातील लाभ निराळा. गवत पुरते वाळवायचे तर ओळीने तीन-चार कोरडे दिवस हवेत. लपेटण्यासाठी कोमेजवायचे तर एका चांगल्या उघडिपीवर भागू शकते. भाद्रपदात तेवढी उघडीप मिळण्याची आशा तरी धरता येते.

पाण्याचे प्रमाण मात्र नेमके साधावे लागते. गठ्ठ्यातील ओलावा ४५ ते ६० टक्क्यांच्या दरम्यान असावा. द्विदल चाऱ्यासाठी तो निम्म्याच्या आसपास ठेवणे बरे, कारण त्यांत साखर कमी असते आणि आम्लता सहजी चढत नाही. ताज्या बरसीमात शंभर किलोंमागे कोरडा अंश सुमारे पंधरा किलोच असतो. म्हणजे तिचा ओलावा निम्म्यावर आणावयाचा तर शंभर किलोंतून सत्तर किलो पाणी उडून जावे लागते. ही गोष्ट यंत्राने होत नाही. कापलेला चारा पातळ पसरून, वेळोवेळी उलथून ती साधावी लागते. परीक्षा सोपी आहे. चाऱ्याचा शंभर ग्रॅमचा नमुना बारीक कापून मंद आचेवर, करपू न देता, वजन उतरायचे थांबेपर्यंत वाळवावा. पंचेचाळीस ते पन्नास ग्रॅम उरले तर गठ्ठे बांधावयास हरकत नाही. तीसच उरले तर थांबावे. अशा ओल्या गठ्ठ्यात दुग्धाम्लाऐवजी ब्युटिरिक आम्ल होते, उग्र दुर्गंधी सुटते आणि जनावर त्यास तोंड लावीत नाही.

दुसरा हिशेब गव्हाणीचा. येथेच लहान गठ्ठ्याची खरी योग्यता दिसते. उन्हाळ्यात मुरघासाचा खड्डा उघडला म्हणजे त्याच्या तोंडावरून रोज निदान वीतभर थर निघाला पाहिजे, नाहीतर हवा आत शिरून चारा तापू लागतो. पाच जनावरांना प्रत्येकी दहा किलो, म्हणजे दिवसाला पन्नास किलो मुरघास लागतो असे धरा. घनमीटरला साडेपाचशे किलोंच्या आसपास चारा बसतो. तेव्हा रोज वीतभर थर काढावयाचा तर खड्ड्याचे तोंड दोन हात रुंद आणि जेमतेम हातभर उंच, यापेक्षा मोठे चालत नाही. असा खड्डा म्हणजे खेळणेच झाले. पाच जनावरांच्या गोठ्यात मोठ्या खड्ड्याचा मुरघास जो बिघडतो, तो बहुधा करणाऱ्याच्या हयगयीने बिघडत नाही. खड्डा गोठ्याच्या मानाने मोठा असतो म्हणून बिघडतो.

आता लहान गठ्ठा पाहा. या बेलरची पेटी साधारणपणे ३६ सेंटीमीटर उंच आणि ४६ सेंटीमीटर रुंद असते. कोरड्या वैरणीचा गठ्ठा ९० सेंटीमीटरपर्यंत लांब ठेवतात. ओलसर चाऱ्याचा गठ्ठा फार जड होतो व यंत्रावरही ताण येतो, म्हणून तो पाऊण मीटर ठेवणे शहाणपणाचे. असा गठ्ठा ३५ किलोंच्या आसपास भरतो आणि त्यात सतरा किलो कोरडा अंश असतो. चारशे किलो वजनाच्या दुभत्या जनावरास दिवसाला दहा ते बारा किलो कोरडा अंश लागतो. त्याचा एक तृतीयांश या गठ्ठ्यातून द्यावयाचा म्हटले तर एक गठ्ठा चार-पाच जनावरांना एक दिवस पुरतो. सकाळी उघडला, रात्रीपर्यंत संपला; बिघडावयास सवड मिळाली नाही. एका दिवसाचा शिधा एका पुडक्यात, हे या पद्धतीचे मर्म आहे.

परंतु लहानपणाची किंमत मोजावी लागते, आणि ती फिल्मच्या रूपाने मोजावी लागते. वस्तू जितकी लहान, तितका तिच्या आकारमानाच्या मानाने तिचा पृष्ठभाग मोठा. पाऊण मीटर लांबीच्या या गठ्ठ्यास दर घनमीटर चाऱ्यामागे साडेबारा चौरस मीटर पृष्ठभाग झाकावा लागतो. सव्वा मीटरच्या आतबाहेरच्या मोठ्या गोल गठ्ठ्यास पाचच चौरस मीटर. म्हणजे त्याच चाऱ्याला अडीचपट आवरण. शिवाय चौकोनी गठ्ठ्याला आठ कोपरे, आणि प्रत्येक कोपऱ्यात टोकदार काड्या. म्हणून मोठ्या गोल गठ्ठ्याला चार थर चालत असले तरी येथे सहा थरांपेक्षा कमी थरांवर भिस्त ठेवू नये. २५ मायक्रॉन जाडीची, अर्धा मीटर रुंदीची आणि १८०० मीटर लांबीची गुंडाळी सुमारे वीस किलो भरते. सहा थर आणि थोडीशी नासधूस धरून गठ्ठ्यामागे दोनशे ग्रॅम फिल्म लागते. म्हणजे एका गुंडाळीत शंभर गठ्ठे, थोडे कमी-अधिक.

तिसरा हिशेब शिलकीचा, आणि तोच बहुधा कोणी मांडीत नाही. उन्हाळ्याचे शंभर दिवस, दिवसाला एक गठ्ठा, म्हणजे शंभर गठ्ठे हवेत. एका गठ्ठ्यातील सतरा किलो कोरड्या अंशासाठी एकशे पंधरा किलोंच्या आसपास हिरवी बरसीम कापावी लागते. शंभर गठ्ठ्यांना ती साडेअकरा टन झाली. एका कापणीला एकरी पाच-सहा टन उत्पन्न धरले तर दोन एकरांची एक संपूर्ण कापणी, आणि तीही रोजच्या ओल्या चाऱ्याची गरज भागवून उरलेली. एवढी शिल्लक आपल्या शेतात खरोखर आहे काय? आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? शिल्लक नसेल तर यंत्राऐवजी आधी अधिक चारा पिकविण्याकडे पैसा वळविला पाहिजे. ग्वाल्हेरच्या शेजारी झाशीस १९६२ साली स्थापन झालेली केंद्रीय संस्था चारापिकांवर आणि कुरणांवरच संशोधन करते. शिलकीचा प्रश्न आधी अशा ठिकाणी विचारावा, मग यंत्राच्या दुकानी जावे.

हे तिन्ही हिशेब अनुकूल निघाले, तरच निवडीचा प्रश्न येतो. तो आता क्रमाने घेऊ.

तीन प्रकारांपैकी नळी करणारे यंत्र फिल्म वाचविते, कारण मधल्या गठ्ठ्यांच्या टोकांवर ती चढतच नाही. पण त्यास सपाट, सरळ जागा लागते, यंत्र महाग पडते, आणि नळीस कोठे छिद्र पडले तर हवा शेजारच्या गठ्ठ्यांतही पसरते. नळीतला गठ्ठा बंद स्थितीत शेजाऱ्यास विकता येत नाही, की दुसऱ्या गोठ्यात नेता येत नाही. ज्यांचे गठ्ठे हजारांनी मोजावे लागतात त्यांच्यासाठी ती सोय आहे. शंभर-दोनशे गठ्ठ्यांच्या धन्याने सुटे गठ्ठे लपेटणारे, फिरत्या मंचाचे साधे यंत्र घ्यावे. त्यात हलणारे भाग कमी, आणि गावच्या कारागिराला त्याची दुरुस्तीही जमण्यासारखी असते.

यंत्राच्या वेगावर भाळू नये. तासाला किती गठ्ठे, हा आकडा विक्रेता प्रथम सांगतो. एका गठ्ठ्यास एक मिनिट लागले तरी शंभर गठ्ठे दोन तासांच्या आत होतात, आणि आपले वर्षाचे काम तेवढेच आहे. वेगापेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे बांधल्या दिवशीच लपेटणे. ओलसर गठ्ठा रात्रभर उघडा राहिला तर आतून तापतो, आणि त्या उष्णतेत जे सत्त्व जळते ते नंतर कितीही थर चढविले तरी परत येत नाही. संथ यंत्र संध्याकाळपूर्वी काम उरकीत असेल तर ते पुरेसे आहे.

वेगाऐवजी पाहावे ते फिल्म ताणणाऱ्या दोन रुळांकडे. एक रूळ दुसऱ्यापेक्षा अधिक वेगाने फिरतो, म्हणून फिल्म ताणली जाते. हा ताण ५५ ते ७० टक्क्यांच्या दरम्यान असावा. कमी ताणली तर फिल्म उगाच खर्ची पडते आणि थर एकमेकांस घट्ट धरीत नाहीत; फार ताणली तर ती विरविरीत होऊन कोपऱ्यावर फाटते. याची परीक्षा खरेदीपूर्वी कोणालाही करता येते. गुंडाळीवर दहा सेंटीमीटर अंतरावर दोन खुणा कराव्यात, यंत्र चालवावे, आणि गठ्ठ्यावर चढलेल्या त्याच खुणांमधील अंतर मोजावे. ते साडेपंधरा ते सतरा सेंटीमीटर भरले पाहिजे. ज्या विक्रेत्यास ही परीक्षा नको असेल त्याच्याकडील यंत्रही आपल्यास नको.

दुसरी परीक्षा थरांची. फिल्मचा प्रत्येक पदर आधीच्या पदरावर निम्मा चढला पाहिजे. असा चढत असेल तर गठ्ठा एकदा पूर्ण झाकला गेला म्हणजे त्यावर दोन थर झाले. गठ्ठा कोठेही उघडा दिसेनासा होईपर्यंत मंचाचे फेरे मोजावेत, त्यांत एक मिळवावा, आणि सहा थरांसाठी त्या संख्येस तिनाने गुणावे. फेरे मोजणारा गणक यंत्रावर असेल तर उत्तम. नसेल तर एका माणसाने दुसरे काही न करता फेरेच मोजावेत.

तिसरी गोष्ट रुळांची. मोठ्या गोल गठ्ठ्यांसाठी घडविलेल्या यंत्रावर लहान चौकोनी गठ्ठा दोन रुळांमध्ये अडकतो किंवा लोळण्याऐवजी घसरतो. आपल्या मापाचा, आपल्या ओलाव्याचा गठ्ठा यंत्रावर लोळवून पाहिल्याशिवाय सौदा करू नये. गुंडाळीची रुंदीही पाहावी. पाव, अर्धा आणि पाऊण मीटर अशा रुंदीच्या फिल्म मिळतात. आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणी जी खात्रीने मिळते तीच बसणारे यंत्र घ्यावे. ऐन कापणीच्या दिवशी गुंडाळी संपली आणि ती परप्रांतातून यावयाची असली, तर उत्तम यंत्रही दारात उभे राहणार.

चौथी गोष्ट शक्तीची. काही यंत्रे ट्रॅक्टरच्या तेलदाबावर चालतात, काहींना स्वतःचे लहान इंजिन असते, काही विजेवर चालतात. एकच ट्रॅक्टर असलेल्या शेतकऱ्याचा ट्रॅक्टर गठ्ठे बांधण्यात गुंतलेला असताना लपेट-यंत्राला तोच हवा असेल तर दोन्ही कामे खोळंबतात. अशा ठिकाणी स्वतंत्र इंजिनाचे यंत्र बरे. विजेवर विसंबावयाचे तर वीज कोणत्या प्रहरी असते तेही पाहावे.

पाचवी गोष्ट जागेची. गठ्ठे शेतात लपेटून मग घरी वाहण्यापेक्षा, उघडे गठ्ठे घरी आणून साठवणीच्या जागेपाशीच लपेटावेत. लपेटलेला पस्तीस किलोंचा गठ्ठा हाताने उचलताना नखाने, अंगठीने, बैलगाडीच्या खिळ्याने फाटतो. एका माणसाने उचलण्यापेक्षा दोघांनी खालून हात घालून धरावा. रास लावावयाची ती कडब्याच्या गंजीसारखी उंच नको; एकावर एक दोन थरांपुरतीच असावी. जमीन स्वच्छ, उंचवट्याची, काड्या-खडे वेचलेली असावी, आणि शक्य तर सावली असावी. आपल्या उन्हात काळ्या फिल्मपेक्षा पांढरी फिल्म कमी तापते. पाऊस पडत असताना लपेटू नये, कारण ओले थर एकमेकांस चिकटत नाहीत.

फिल्मविषयी दोन सूचना अधिक. बाजारात सामान गुंडाळण्याची स्वस्त पारदर्शक फिल्म मिळते. ती उन्हासाठी केलेली नसते. आपल्या उन्हाळ्यापुढे तिचा निभाव लागत नाही. मुरघासासाठी केलेली, उन्हास टिकणारी आणि चिकट पदराची फिल्मच वापरावी. आणि गठ्ठा बांधण्यासाठी तेल लावलेला घायपाताचा सुताडा वापरू नये. त्यातील तेलाने त्या रेषेवर फिल्म कमजोर होते. प्लॅस्टिकची दोरी वापरावी.

लपेटल्यानंतरही काम संपत नाही. उंदीर, घुशी, कावळे आणि मोकाट कुत्री यांना आपल्या गठ्ठ्यांत रस असतो. दर आठवड्यास एकदा राशीभोवती फेरी मारावी आणि छिद्र दिसताच उन्हास टिकणाऱ्या चिकटपट्टीने ते बुजवावे. गठ्ठे निदान चार ते सहा आठवडे मुरू द्यावेत.

आता या विषयातील सर्वांत गंभीर बाब. हवाबंदी बिघडलेला गठ्ठा केवळ वाया जातो असे नाही. तो जीव घेऊ शकतो. कापताना चाऱ्यात माती आली, किंवा गठ्ठा पुरता आंबला नाही, तर त्यात लिस्टेरिया नावाचे जिवाणू वाढतात. त्यांचा त्रास विशेषतः शेळ्या-मेंढ्यांस होतो. कापणीत सापडलेला उंदीर किंवा साप गठ्ठ्यात बांधला गेला तर बॉट्युलिझमचे विष तयार होऊ शकते. ते जनावरास लुळे करून मारते; घोड्यांना तर ते फारच लवकर बाधते. बुरशी लागलेल्या चाऱ्यातील काही विषे दुधात उतरतात, आणि ते दूध आपल्याच घरातील मुले पितात. म्हणून गठ्ठा उघडताच पाहावे आणि वास घ्यावा. आंबूस, सुखद वास आणि हिरवट-पिवळा रंग असेल तर गव्हाणीत टाकावे. बुरशी, कुजका वास, किंवा मेलेल्या प्राण्याचा अवशेष दिसला तर वरचा भाग काढून उरलेला चारण्याचा मोह धरू नये. संबंध गठ्ठा जनावरांपासून दूर नेऊन पुरावा. पस्तीस किलो चाऱ्यासाठी म्हैस पणास लावण्यात काटकसर नाही.

फिल्म आणि दोरी यांविषयीही हेच. आपल्या गावांत जनावरांच्या पोटातून प्लॅस्टिक निघण्याच्या घटना काही अपूर्व नाहीत. गव्हाणीपाशी गठ्ठा फोडू नये. तो बाहेर फोडावा, फिल्म व दोऱ्या मोजून पोत्यात टाकाव्यात, आणि मगच चारा आत न्यावा. शंभर गठ्ठ्यांची फिल्म म्हणजे वर्षाला वीस किलो प्लॅस्टिक घरात येते. ते जाळू नये, शेतात नांगरू नये. भंगारवाल्याकडे किंवा पुनर्वापर करणाऱ्याकडे पोहोचविण्याची व्यवस्था यंत्र घेण्यापूर्वीच ठरवावी.

शेवटी पैशाचा हिशेब. हिशेबाच्या सोयीसाठी यंत्राची किंमत एक लाख रुपये आणि आयुष्य दहा वर्षे धरू; हा बाजारभाव नव्हे, केवळ उदाहरण आहे. व्याज सोडले तरी वर्षाला दहा हजार रुपये झाले. शंभर गठ्ठ्यांवर ते वाटले तर प्रत्येक गठ्ठ्यावर शंभर रुपयांचा भार पडतो, आणि फिल्म, बेलरचे भाडे व मजुरी अजून निराळीच. तेच यंत्र दहा घरांनी मिळून घेतले आणि वर्षाला हजार गठ्ठे लपेटले तर भार गठ्ठ्यामागे दहा रुपयांवर येतो. यंत्र तेच, चारा तोच, फरक पडला तो माणसांच्या एकजुटीने. वर्षातून दोन तास चालणारे यंत्र एकट्याने घेणे म्हणजे दारात हत्ती बांधणे होय.

हा मार्ग आपल्याला परका नाही. बडोद्याच्या शेजारी आणंद येथे १९४६ साली खेडा जिल्ह्यातील दूध उत्पादकांनी आपला सहकारी संघ उभारला, तेव्हा सभासदांची जनावरे एक-दोनच होती. दूध एकत्र आले म्हणून त्यास सामर्थ्य आले. जे दुधाच्या बाबतीत झाले ते चाऱ्याच्या बाबतीत होण्यास तत्त्वतः आडकाठी नाही. केंद्र सरकारच्या २०१४-१५ साली सुरू झालेल्या कृषियांत्रिकीकरणाच्या उपअभियानात अवजारे भाड्याने देणाऱ्या केंद्रांना साहाय्याची तरतूद आहे. गावच्या दूधसंस्थेने बेलर आणि लपेट-यंत्र अशी जोडी ठेवावी, सभासदांच्या कापणीच्या पाळ्या आधी लावाव्यात, आणि फिल्मच्या गुंडाळ्या एकत्र मागवाव्यात. पाळ्यांवरून भांडणे होतील ही भीती खरी आहे. उघडीप सर्वांनाच एकाच दिवशी हवी असते. म्हणून नियम कापणीपूर्वी लिहून ठेवावेत, आणि एका यंत्रामागे घरे किती असावीत ते एका कोरड्या दिवसात किती गठ्ठे होतात यावरून ठरवावे.

तेव्हा श्रोतेहो, निर्णयाचा क्रम असा. आपले पीक गठ्ठ्याचे आहे की कुट्टीचे, ते पाहा. कुट्टीचे असेल तर पिशवी घ्या. गव्हाणीत रोज एक गठ्ठा संपतो की नाही, ते पाहा. संपत नसेल तर शेजाऱ्यास अर्धा वाटेकरी करा. शंभर गठ्ठ्यांइतकी शिल्लक खरोखर उरते की नाही, ते पाहा. उरत नसेल तर आधी चारा वाढवा. हे सारे जमले म्हणजे साधे, फिरत्या मंचाचे, सहा थर नीट चढविणारे आणि आपल्या गावात दुरुस्त होणारे यंत्र निवडा, आणि ते शक्य तो दहा घरांच्या नावावर घ्या. पहिल्या वर्षी तर ते भाड्यानेच आणा, वीस गठ्ठे लपेटा आणि वैशाखात ते उघडून पाहा. आपल्या म्हशीने ते चवीने खाल्ले, तर पुढील वर्षी यंत्राचा विचार करण्यास आपल्याजवळ विक्रेत्याच्या शब्दापेक्षा भक्कम आधार असेल.